दुसरी बाटली

मुलांनो, आपण एक कल्पना करू. डोळे मिटायचे नाहीत हं, उलट टक्क उघडे ठेवायचे. या गोष्टीत मिटलेल्या डोळ्यांचा काही उपयोग नाही.

फर्निचरच्या दुकानावर एक मोठा हॉल आहे. हॉलकडे जाणारा जिना अरुंद, आणि त्यावर पायरी दिसणार नाही इतकी माणसं. कुणी काठी टेकत चढतंय, कुणाच्या डोक्याला रुमाल बांधलाय, कुणाच्या काखेत एक्स-रेचं भलंमोठं पाकीट आहे. खालून पॉलिशचा वास येतोय आणि वरून अत्तराचा. या गर्दीत तुमचं डोकं मोठ्यांच्या कोपरांच्या उंचीवर आहे असं समजा. कारण आपल्या गोष्टीतल्या मुलीचं डोकं नेमकं तिथंच होतं, आणि दोन कोपरं तिला आधीच लागून गेली होती.

तिला घरी सगळे टिकटिक म्हणत. नाव आत्यानं ठेवलेलं. आत्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिचं म्हणणं असं, की दुकानातली सगळी घड्याळं मिळून जेवढी कटकट करत नाहीत तेवढी ही कार्टी एकटी प्रश्न विचारून करते. पण हे ती हसत म्हणायची. गिऱ्हाईक घड्याळ घेऊन आलं आणि "बॅटरी गेली असेल हो," "पाणी शिरलं असेल हो," असं सांगायला लागलं की आत्या त्याला थांबवायची. "आधी मागचं झाकण उघडू. मग बोलू." टिकटिक दुकानाच्या फळीवर बसूनच लहानाची मोठी झाली होती, त्यामुळे हे वाक्य तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

अशी ही आत्या आज टिकटिकचा हात धरून या जिन्यावर उभी होती. डोक्याला निळा रुमाल, त्याखाली एकही केस नाही. तिच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ठरवलं होतं, आधी सलाइनमधून औषधाचे डोस देऊन गाठ आटवायची आणि मग ऑपरेशन. निम्मे डोस झाले होते. केस गेले, तोंड आलं, अन्नाची वासना उडाली. मध्येच पायाच्या नसेत रक्ताची गुठळी झाली, म्हणून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी नुसता धक्का लागला तरी अंगावर काळेनिळे डाग उठत. हे सगळं आत्यानं दात-ओठ आवळून सोसलं. पण गेल्या डोसपासून तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, आणि मग बोटांची टोकं बधिरच झाली. चिमट्यात धरलेला स्क्रू कधी सुटला हे तिला कळेना. हे मात्र तिनं कुणालाच सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. सांगितलं शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्या काकांना, तेही त्यांनी तिला जमिनीवर रांगत स्क्रू शोधताना पाहिलं म्हणून.

चष्मेवाले काका माणूस सोन्यासारखा. साऱ्या गावाला चष्मे लावून देणारा, आणि स्वतः मात्र कशालाही डोळे झाकून मान डोलावणारा. तेच आत्याला इथं घेऊन आले होते.

"ताई, एकदा निर्मळगुरूंचं दर्शन घ्या," जिन्यात ते सांगत होते. "रक्त बघून रोग ओळखतात, आणि रक्त धुऊन रोग काढतात. डोळ्यांसमोर! लपवाछपवी काही नाही."

"रक्त धुतात? साबणानं?" टिकटिकनं विचारलं.

"तरंगांनी गं बाळ, तरंगांनी."

वर हॉलमध्ये निर्मळगुरू उंच खुर्चीवर बसले होते. पांढरे शुभ्र कपडे, पांढरी दाढी, पांढरे बूटसुद्धा. त्यांच्या डाव्या हाताला एक भलीमोठी सोनेरी छत्री उलटी टांगली होती आणि तिच्याखाली एक स्टूल होतं. टिकटिकनं ती छत्री निरखून पाहिली. सोनेरी रंगाखालून एका टीव्हीच्या कंपनीचं अर्धं नाव डोकावत होतं.

"हा देह म्हणजे काय?" गुरूंनी विचारलं आणि कुणी उत्तर देण्याआधी स्वतःच दिलं. "हा देह म्हणजे मोबाइलचा टॉवर! रेंज गेली की रोग आला! डॉक्टर काय करतात? टॉवरवर विष ओततात! मी काय करतो?"

"रेंज आणता!" चष्मेवाले काका ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग सुरू झाला चमत्कार. पांढरा कोट घातलेल्या एका बाईनं रांगेतल्या पहिल्या माणसाच्या दंडातून सुईनं थोडं रक्त काढलं आणि टेबलावरच्या साध्या काचेच्या बाटलीत सोडलं. गुरू बोलत राहिले. टॉवर, कॉस्मिक, नॅनो, कंपनं, पूर्वजांची ऊर्जा असं सगळं एका दमात झालं. ते संपेपर्यंत बाटलीतलं रक्त थिजलं होतं. गुरूंनी बाटली पार आडवी केली. आत लालभडक गोळा थुलथुलला, पण थेंबभरही ओघळलं नाही.

"बघा! बाहेर ही गुठळी, म्हणजे आत गाठ!" गुरू गरजले. त्या बिचाऱ्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याला सोनेरी छत्रीखाली बसवलं. कुठूनसा घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. ते तरंगस्नान. आवाज थांबल्यावर गुरूंनी दुसरी बाटली घेतली. ही नक्षीदार स्फटिकाची. चांदीच्या सुरईतलं 'निर्मळ जल' तिच्यात ओतून त्यांनी ती प्रेमानं विसळली, पाणी झटकलं, आणि कोटवाल्या बाईनं पुन्हा काढलेलं रक्त त्या बाटलीत घेतलं. पुन्हा नॅनो, पुन्हा टॉवर. मग बाटली आडवी केली. रक्त सरबतासारखं इकडून तिकडं वाहिलं.

"गुठळी गेली! गाठ विरघळली!"

लोकांनी छत कोसळेल अशा टाळ्या पिटल्या. एक म्हातारी ढसाढसा रडली. एकामागून एक माणसं येत होती. पहिल्या बाटलीत प्रत्येकाचं रक्त थिजायचं, दुसरीत प्रत्येकाचं वाहायचं.

आणि मग आत्याची पाळी आली.

पहिल्या बाटलीत रक्त पडलं. गुरू बोलले. बोलून झालं तशी त्यांनी सवयीनं बाटली झोकात आडवी केली, आणि रक्ताची धार थेट त्यांच्या पांढऱ्या बाहीवर!

तरंगस्नान अजून व्हायचं होतं आणि रक्त तर आत्ताच पातळ! गुरूंनी बाहीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. पण गडी मुरलेला होता. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"अहाहा! ही तर थोर जीव! जिना चढतानाच माझ्या तरंगांनी निम्मी शुद्ध झाली!" मग डोळे मिटून, कपाळाला बोट लावून म्हणाले, "मला दिसतंय... बोटं... तुझी बोटं, बाई. डॉक्टरांच्या विषानं खाल्लेली बोटं. ते विष थांबव. त्या रक्ताच्या गोळ्याही थांबव. बोटं परत येतील."

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "यांना कसं कळलं?" ती पुटपुटली. टिकटिकनं चष्मेवाल्या काकांकडे पाहिलं. काका कोटवाल्या बाईंकडे पाहून कौतुकानं मान हलवत होते. रांगेत उभं असताना याच बाईंनी त्यांच्याशी किती आपुलकीनं गप्पा मारल्या होत्या, ते टिकटिकला आठवलं.

घरी आल्यावर आत्यानं गोळ्यांची पाकिटं खणात टाकली आणि जाहीर केलं, की पुढच्या डोसला ती जाणार नाही.

टिकटिकचे बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. बस चालवायचे. ते हातात टोपी घेऊन तसेच उभे राहिले. "ताई, निदान डॉक्टरांना विचारून तरी थांबव."

"विचारून काय होणार? त्या म्हणणार, घ्या. त्यांचं काय जातंय! बोटं माझी जातायत."

"अगं, पण गाठ कमी होतेय असं त्याच म्हणाल्या ना?"

"आणि बोटं गेल्यावर मी काय करू? तुझ्या बसमध्ये तिकिटं फाडू?" आत्याचा आवाज चिरकला. "या बोटांशिवाय मी कोण आहे रे?"

बाबांनी टोपी खुंटीला अडकवली. टिकटिक मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"आत्या, तुझं रक्त छत्रीखाली बसायच्या आधीच पातळ होतं. मग छत्रीनं काय केलं?"

"त्यांनी सांगितलं ना, जिन्यात..."

"जिन्यात तर सगळेच होते. त्या पहिल्या काकांचं रक्त का नाही पातळ झालं? आणि ते फक्त दुसरीच बाटली का विसळतात? पहिली घाण चालते?"

"टिकटिक, पुरे!" आत्या ओरडली. "दरवेळी मागचं झाकण उघडायचं नसतं!"

टिकटिकला वाटलं, हे बोलली ती आपली आत्या नव्हेच. आत्यालाही बहुधा तसंच वाटलं असावं. ती तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

पुढचे काही दिवस आत्या रोज सकाळी चिमट्यात स्क्रू धरून बघायची, आणि रोज स्क्रू पडायचा. "वेळ लागतो," ती स्वतःशीच म्हणायची. बोटं काही परत येत नव्हती. आलं ते पायाचं दुखणं. एके दिवशी दुकानाला निघताना तिला डावी चप्पल घालताच येईना. टिकटिकनं खाली वाकून पाहिलं, तर पाय सुजून गरम झाला होता आणि कातडी ताणून चकाकत होती.

"बाबा!" ती किंचाळली. त्या दिवशी बाबांनी आत्याचं काहीएक ऐकलं नाही. बसला दुसरा ड्रायव्हर मिळो न मिळो, ते तिला घेऊन दवाखान्यात गेले.

"फक्त पायासाठी येतेय," आत्या वाटभर बजावत होती. "डोससाठी नाही."

डॉक्टर चणीनं लहान आणि आवाजानं मोठ्या होत्या. पायाची तपासणी झाली, सुई टोचली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. "नशीब समजा वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "ही गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकली असती, तर आज आपण बोलत बसलो नसतो. गोळ्या का थांबवल्या?"

आत्यानं सुजलेल्या पायावर साडी ओढून घेतली. टिकटिकचं लक्ष भलतीकडेच होतं. आत्याचं रक्त काढायला समोर रंगीत टोपणांच्या बारक्या नळ्या मांडल्या होत्या. लाल टोपणाची रिकामी होती. निळ्या टोपणाच्या नळीत मात्र रक्त पडायच्या आधीच तळाशी काहीतरी पाण्यासारखं चमकत होतं.

"यात आधीच काय आहे?"

"वा, नजर तेज आहे गं तुझी!" डॉक्टर म्हणाल्या. "सायट्रेट म्हणतात त्याला. लिंबात जी आंबट गोष्ट असते ना, तिच्यापासून केलेला क्षार. ते घातलं की रक्त गोठत नाही, आणि आम्हाला वाहतं रक्त तपासता येतं. लाल टोपणाच्या नळीत असलं काही नाही. तिच्यातलं रक्त थोड्या वेळात जेलीसारखं थिजतं."

टिकटिक उडालीच. "सगळ्यांचं थिजतं? कॅन्सर नसला तरी?"

"तुझं, माझं, सगळ्यांचं. थिजायलाच हवं. नाहीतर गुडघा खरचटला तरी माणूस रिता होईल."

मग टिकटिकनं सोनेरी छत्री, दोन बाटल्या आणि सुरईतलं पाणी, सगळं घडाघडा सांगून टाकलं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या खुर्ची ओढून आत्याच्या समोर बसल्या.

"तुम्ही घड्याळं दुरुस्त करता ना? मग तुमच्याच भाषेत सांगते. रक्तात गुठळी करणारी चाकं असतात. जखम झाली की पहिलं चाक फिरतं, ते दुसऱ्याला फिरवतं, दुसरं तिसऱ्याला. शेवटच्या चाकानं बारीक धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि त्यात रक्त अडकून घट्ट होतं. यातली बरीच चाकं कॅल्शियमशिवाय हलत नाहीत. सायट्रेट ते कॅल्शियमच पकडून ठेवतं. आता एक भाग काढून घेतल्यावर घड्याळ चालेल का?"

"नाही," आत्या हळूच म्हणाली.

"तुमच्या गोळ्या त्यातल्या एका चाकात खुंटी घालतात. घड्याळ बंद पडत नाही, पण मंद होतं. म्हणून तुमच्या अंगावर डाग उठतात. आणि म्हणूनच तुमचं रक्त त्यांच्या पहिल्या बाटलीत लवकर थिजलं नाही. तरंगांनी नाही हो, मी दिलेल्या गोळीनं!"

बाबांना हसू आवरलं नाही. आत्याला मात्र आलं नाही. "हे तुमचं बोलणं झालं," ती म्हणाली. "ते मी डोळ्यांनी पाहिलंय."

डॉक्टर काही बोलणार तोच टिकटिक म्हणाली, "मग पुन्हा डोळ्यांनीच बघू. आत्या, झाकण उघडून बघू. त्याच पाण्यानं दोन्ही बाटल्यांची परीक्षा करू. त्यांचं खरं निघालं तर तू दवाखान्यात जाऊ नकोस, मी एक अक्षर बोलणार नाही. खोटं निघालं तर डोस घ्यायचा."

"अगं, वेडी का तू?" बाबा घाबरले. पण आत्यानं होकारार्थी मान हलवली.

"तुझ्या आत्याचं रक्त मात्र यात वापरू नकोस," डॉक्टर टिकटिकला म्हणाल्या. "का, ते सांग बघू?"

"गोळ्यांमुळे ते उशिरा थिजेल. मग आपल्यालाच कळणार नाही कशानं काय झालं."

"शाबास!"

पुढच्या सभेला हॉल पूर्वीपेक्षाही भरला होता. आत्याला पहिल्या रांगेत मान मिळाला. ती आता 'जिन्यात शुद्ध झालेली बाई' म्हणून प्रसिद्ध झाली होती ना! सुजलेला पाय तिनं लांब साडीखाली झाकला होता. आणि आज तपासून घ्यायला कोण पुढं आलं असेल? चष्मेवाले काका.

"कुणाच्या मनात काही शंका?" गुरूंनी नेहमीप्रमाणे विचारलं. नेहमीप्रमाणे कुणाच्या नव्हती.

टिकटिक उभी राहिली. "गुरुजी, शंका नाही. एक विनंती आहे. तुम्ही दुसरी बाटली निर्मळ जलानं विसळता, पहिली तशीच ठेवता. मग पहिलीतलं रक्त कसं शुद्ध राहणार? माझी आत्या म्हणते, दोन्ही चाकं सारखी पुसल्याशिवाय कुठलं खराब आहे ते कळत नाही. आज पहिलीसुद्धा विसळा ना!"

लोकांना ते पटलं. "खरंच की!" "पोरगी हुशार आहे हो!" "विसळा, विसळा!"

गुरूंची दाढी किंचित हलली. "बाळ, ते जल फार सामर्थ्यवान आहे. अशुद्ध रक्ताला ते झेपत नाही."

"पण मग रक्त पाण्यानं शुद्ध होतं की छत्रीनं?"

गुरूंनी उत्तरासाठी आ वासला. पण तेवढ्यात भक्तीनं ओथंबलेल्या चष्मेवाल्या काकांनी स्वतःच सुरई उचलली. "गुरुजी, हे काम तुम्ही कशाला? मी विसळतो!" आणि त्यांनी पहिली बाटली अशी मन लावून विसळली, की काय सांगावं! कोटवाल्या बाईनं गुरूंकडे पाहिलं. गुरूंनी छताकडे पाहिलं. छतावर काही नव्हतं.

काकांचं रक्त बाटलीत पडलं. आत्यानं पिशवीतून स्वतः दुरुस्त केलेलं घड्याळ काढलं आणि तळहातावर ठेवलं. गुरू आज फार थोडं बोलले. नॅनो तर आलंच नाही. वाट बघून बघून लोक चुळबुळायला लागले. इतर दिवशी एव्हाना रक्ताची जेली झालेली असायची. शेवटी काकांनीच बाटली आडवी केली. रक्त खळाखळा वाहिलं.

"अरे! मी तर आधीच शुद्ध!" काका आनंदानं ओरडले. मग थांबले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बाटलीकडे पाहिलं. "पण मी तर अजून छत्रीखाली बसलोच नाही."

"आता बसा काका," टिकटिक म्हणाली. "आणि दुसरी बाटली मी विसळते." तिनं दप्तरातली शाळेची पाण्याची बाटली काढली. नळाचं साधं पाणी. गुरू खुर्चीतून अर्धे उठले. "मुलीला बाहेर काढा! तरंग बिघडतील!"

"कशाला काढता?" काठी टेकत बसलेले एक आजोबा म्हणाले. "मोबाइलचा टॉवर लहान पोरीनं बिघडतो होय?" मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि एकदा कुणी हसलं ना मुलांनो, की गुरूंचं अर्धं काम तिथंच बिघडतं.

स्फटिकाची बाटली नळाच्या पाण्यानं चांगली खळखळून धुतली. काका छत्रीखाली बसले, घूंऽऽ झालं, अगदी पूर्ण झालं. त्यांचं रक्त बाटलीत पडलं. या वेळी सगळा हॉल बाटलीकडे बघत होता, आणि आत्या तळहातावरच्या घड्याळाकडे.

रक्त थिजलं. शुद्ध केलेलं, तरंगांनी न्हाऊ घातलेलं, चष्मेवाल्या काकांचं रक्त नक्षीदार बाटलीत लाल गोळा होऊन बसलं. बाटली उलटी केली तरी पडेना.

"चमत्कार सुरईत आहे," टिकटिक म्हणाली. "यात सायट्रेट घातलंय. तेच दवाखान्यात निळ्या टोपणाच्या नळीत असतं. ते घातलं की कुणाचंही रक्त गोठत नाही. आणि नाही घातलं तर कुणाचंही गोठतं, आजारी असो की धडधाकट. त्यावरून गाठीबद्दल काहीच कळत नाही."

"जलातच माझी शक्ती आहे!" गुरू ओरडले. "मी मंत्र म्हटलाय त्यावर!"

"डॉक्टर तर काहीच म्हणत नाहीत," टिकटिक म्हणाली. "तरी त्यांच्या नळीतलं रक्त वाहतं."

मग जो हशा उसळला, तो खाली दुकानातल्या कपाटांनाही ऐकू गेला असेल. सगळे हसले असं नाही. ती रडणारी म्हातारी हसली नाही. तिला गुरू हवे होते आणि ते तिच्या डोळ्यांदेखत मागच्या जिन्यानं उतरून चालले होते, पांढऱ्या बुटांनी दोन-दोन पायऱ्या गाळत. जाताना ते सुरई न्यायला विसरले नाहीत. छत्री राहिली. पुढे फर्निचरवाल्यानं ती घासून पुन्हा गच्चीवर लावली, आणि म्हणे तिच्यावर क्रिकेट फार छान दिसतं.

चष्मेवाले काका आत्याजवळ आले. "ताई, मी तुम्हाला मारायलाच निघालो होतो की हो," एवढंच ते म्हणाले.

"पहिली बाटली तुम्हीच विसळलीत ना?" आत्या म्हणाली. "झालं तर मग."

मुलांनो, एक गोष्ट साधी आहे आणि ती तुम्ही कुठंही वापरू शकता. कुणी म्हणालं, 'हे केल्यानं ते झालं,' तर विचारा, 'हे न करता ते होत नाही ना, हे पाहिलं का?' दोन्ही बाटल्या सारख्या विसळायला सांगा. खऱ्याला त्याचं काही वाटत नाही, फक्त खोट्याच्याच कपाळाला घाम फुटतो. आणि घाबरलेल्या माणसाला हसू नका. आत्या मूर्ख नव्हती, ती घाबरली होती. भीतीच्या पोटीच असली दुकानं चालतात.

डोसच्या दिवशी आत्या दवाखान्यात गेली. सुई टोचण्याआधी तिनं दोन्ही हात डॉक्टरांपुढे धरले आणि म्हणाली, "माझी बोटं बधिर झालीत. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

डॉक्टरांनी एकेका बोटाच्या टोकाला टाचणी लावून पाहिलं. "हे सांगायला इतके दिवस घेतलेत? अहो, कॅन्सरची पेशी भराभर दोनात फुटत जाते. फुटताना तिला आत बारीक धागे लागतात. हे औषध ते धागे गोठवतं, म्हणून ती पेशी मरते. केसांच्या मुळाशी आणि तोंडाच्या आत पेशी अशाच भराभर फुटतात, म्हणून तिथंही मार बसतो. आणि नसांमध्ये तेच धागे रुळांसारखे असतात. रूळ अडले की सगळ्यात लांबच्या स्टेशनांवर गाडी आधी बंद होते. बोटांची टोकं म्हणजे सगळ्यात लांबची स्टेशनं."

"परत येतील?"

"पुष्कळांची हळूहळू येतात. काहींची पूर्ण येत नाहीत. खोटं सांगणार नाही. पण वेळेवर कळलं तर मी डोस कमी करू शकते, औषध बदलू शकते. आज बदलते."

आत्यानं मान हलवली. 'नक्की परत येतील' असं डॉक्टर म्हणाल्या नाहीत, आणि का कोण जाणे, त्यामुळेच तिला त्यांचा भरवसा वाटला.

सलाइनचे थेंब पडायला लागले. आत्यानं डोळे मिटले. डॉक्टर जायला वळल्या, तर दारात टिकटिक उभी.

"डॉक्टर, तुमच्या औषधाचं मागचं झाकण कुठं आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे औषध दिल्यानंच गाठ कमी होते, हे तुम्हाला कसं कळलं? न देता होत नाही, हे पाहिलंत का?"

बाबा पुढे झाले. "टिकटिक, डॉक्टरांना असं विचारतात का!"

"असंच विचारतात," डॉक्टर म्हणाल्या. "पाहिलंय, बाळ. सारख्याच आजाराची खूप माणसं घेतात आणि नाणं उडवल्यासारखे त्यांचे दोन गट करतात. एका गटाला आधीचं औषध, दुसऱ्याला नवं. बाकी सगळं दोघांना सारखं."

"दोन बाटल्या, दोन्ही सारख्या विसळलेल्या."

"अगदी तसंच."

"आणि ज्यांना गुण आला नाही, त्यांनाही धरता?"

डॉक्टरांनी हातातली फाइल खाली ठेवली. "त्यांना तर आधी धरतो," त्या म्हणाल्या. "पण हे सगळं सांगायला वेळ लागेल गं."

टिकटिकनं सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं. ती अजून गळ्यापर्यंत भरलेली होती. तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, आत्याच्या पलंगाला टेकवलं आणि त्यावर नीट मांडी घालून बसली.

"सांगा," ती म्हणाली.